कामगारांच्या तंट्यांतील अपिले आणि निर्णयातील विलंब

जमिनीच्या दाव्यात निकालास उशीर झाला तरी जमीन जागेवरच असते. मजुरीच्या अथवा नोकरीच्या दाव्याचे तसे नाही. कामावरून कमी झालेल्या माणसाच्या घरी चूल रोज पेटावी लागते, मुलांची फी ठरल्या दिवशी भरावी लागते आणि उसनवारीवरील व्याज तारखेची वाट पाहत नाही. म्हणूनच कामगारविषयक कायदे करताना विधिमंडळांनी साध्या दिवाणी न्यायालयांची वाट सोडून कामगारांसाठी स्वतंत्र आणि जलद अशी यंत्रणा उभारली. परंतु पहिल्या पायरीवर निर्णय मिळाल्यानंतर तो अपिलात अडकला, तर या वेगळ्या यंत्रणेचा हेतूच विफल होतो. विलंब नेमका कोठे होतो, त्याचा भार कोणावर पडतो आणि तो कमी करणे कोणाच्या हाती आहे, याचा विचार गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही करणे अगत्याचे आहे.

मालेगावहून निघणारी वाट

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुका हा मोठ्या गिरण्या-कारखान्यांचा प्रदेश नव्हे. सोयाबीन आणि तूर पिकविणारा हा शेतीप्रधान भाग आहे. तरीही येथे वेतनावर राबणाऱ्या माणसांची संख्या लहान नाही. शेतमजूर व बांधकाम मजूर, नगरपंचायतीचे व ग्रामपंचायतींचे सफाई आणि पाणीपुरवठा कर्मचारी, खाजगी शाळांतील शिक्षक व शिपाई, अंगणवाडी सेविका व मदतनीस, दुकानांतील व वाहतुकीतील नोकर असे अनेक वर्ग त्यात येतात. यांपैकी कोणाचाही वेतनाबाबत, सेवासमाप्तीबाबत किंवा उपदानाबाबत, म्हणजे ग्रॅच्युइटीबाबत, तंटा उद्भवू शकतो. विशेष म्हणजे अशा तंट्यात मालकाच्या जागी पुष्कळदा एखादी स्थानिक संस्था, शिक्षणसंस्था किंवा शासकीय विभागच असतो.

1 जुलै 1998 रोजी वाशिम जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत हा भाग अकोला जिल्ह्यात होता. त्यामुळे कोर्टकचेरीच्या कामासाठी सुमारे साठ किलोमीटरवरील अकोल्याची वाट येथील लोकांच्या चांगल्या परिचयाची आहे. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तर दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला प्रत्येक तारखेचा अर्थ एक बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे आणि वकिलाचा खर्च असा असतो. अपिलाची एक पायरी वाढली की हा खर्च वाढतो. संस्थेचा खर्च संस्थेच्या निधीतून होतो, कामगाराचा मात्र त्याच्या पोटातून होतो.

इतिहासाचा धडा

कामगार तंट्यांच्या निवाड्यासाठी स्वतंत्र न्यायालय स्थापण्याची परंपरा या राज्यात जुनी आहे. मुंबई औद्योगिक विवाद अधिनियम, 1938 अन्वये मुंबई प्रांतात औद्योगिक न्यायालय स्थापन झाले. पुढे 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाने कामगार न्यायालये आणि त्यांवरील अपिलांची व्यवस्था घालून दिली. विदर्भात त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाडचा 1947 चा स्वतंत्र कायदा लागू होता. मुंबईचा कायदा विदर्भास महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर लागू झाला.

अखिल भारतीय पातळीवर 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमाखाली ठिकठिकाणच्या न्यायाधिकरणांचे निवाडे परस्परविरोधी होऊ लागले. त्यांत एकसूत्रीपणा आणण्यासाठी 1950 मध्ये कायदा करून कामगार अपील न्यायाधिकरण स्थापन करण्यात आले. या न्यायाधिकरणाने काही मोलाची कामगिरी बजावली. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या प्रकरणात 1950 साली त्याने घालून दिलेले बोनसचे सूत्र पुढे अनेक वर्षे देशभर आधारभूत मानले गेले. परंतु अपिलामुळे निवाडे लांबतात आणि खर्च वाढतो, ही कामगार संघटनांची तक्रार वाढतच गेली. अखेर 1956 च्या सुधारणा अधिनियमाने हे न्यायाधिकरण रद्द करण्यात आले, तसेच कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायाधिकरण आणि राष्ट्रीय न्यायाधिकरण अशी रचना करण्यात आली. त्यांच्या निवाड्यावर कायद्याने अपील ठेवले नाही.

अपिलाची पायरी काढली म्हणून विलंब संपला काय? अनुभव वेगळा आला. संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात आणि अनुच्छेद 136 खाली सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग मोकळाच होता. पूर्वी अपील न्यायाधिकरणापुढे साचणारी प्रकरणे आता तेथे जाऊ लागली. सर्वोच्च न्यायालयात कामगारविषयक न्यायशास्त्राची पायाभरणी करणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली 1966 मध्ये पहिला राष्ट्रीय श्रम आयोग नेमण्यात आला. 1969 मध्ये सादर केलेल्या अहवालात आयोगाने केंद्रात व राज्यांत स्थायी आणि स्वतंत्र औद्योगिक संबंध आयोग असावेत, अशी शिफारस केली. पायऱ्यांची संख्या कमी-अधिक करून विलंबाचा प्रश्न सुटत नाही. प्रत्येक पायरीवर काम कसे चालते, यावरच तो सुटतो किंवा चिघळतो.

मुदती कायद्यात आहेत

विलंबाचे कारण कायद्यात मुदत नाही, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघांना मान्यता व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध अधिनियमाने अनुचित प्रथेविरुद्धची तक्रार 90 दिवसांत दाखल करावी आणि न्यायालयाने तिचा निर्णय शक्यतो सहा महिन्यांत द्यावा, असे ठरविले. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांबाबतच्या 1977 च्या महाराष्ट्र अधिनियमाने शाळा न्यायाधिकरणाने अपिलाचा निर्णय तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न करावा, असे सांगितले. औद्योगिक विवाद अधिनियमात वैयक्तिक कामगाराच्या विवादासाठी सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची मर्यादा होती. नुकसानभरपाईच्या 1923 च्या अधिनियमात 2009 च्या दुरुस्तीने आयुक्तांसाठी तीन महिन्यांची मुदत घालण्यात आली.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार केंद्रीय कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यांपैकी 2019 च्या वेतन संहितेने केलेला एक बदल विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. 1948 च्या किमान वेतन अधिनियमाखालील प्राधिकाऱ्याचा आदेश अंतिम असे. त्यावर त्या अधिनियमाखाली अपील नव्हते. वेतन संहितेने वेतनाच्या मागणीसाठी अर्ज करण्याची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढविली, ही कामगाराच्या सोयीची गोष्ट झाली. त्याचबरोबर प्राधिकाऱ्याच्या आदेशावर 90 दिवसांत अपील करण्याची तरतूदही आली. मूळ अर्ज आणि अपील या दोन्हींचा निकाल प्रत्येकी तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे संहिता म्हणते. किमान वेतनाच्या तंट्यात ही एक नवी पायरी आहे. तीवर तीन महिन्यांचे तीन महिनेच राहतील, याची दक्षता आरंभापासूनच घेतली पाहिजे.

मुदत पाळली गेली नाही तर काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालयाच्या प्रकरणात एका शिक्षिकेची सेवा 2007 साली संपुष्टात आणण्यात आली. शाळा न्यायाधिकरणाने जून 2009 मध्ये ती सेवासमाप्ती रद्द करून मागील वेतनासह पुनर्नियुक्तीचा आदेश दिला. उच्च न्यायालयाने 2011 मध्ये मागील वेतनाचा भाग रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने 12 ऑगस्ट 2013 रोजी तो पुन्हा कायम केला. जेथे अपिलास तीन महिने अपेक्षित होते, तेथे अंतिम शब्द मिळेपर्यंत सहा वर्षे उलटली.

वेळ कोठे खर्ची पडतो

अपिलाच्या प्रवासाकडे बारकाईने पाहिले असता चार ठिकाणी वेळ वाया जातो, असे दिसते.

पहिले ठिकाण नोटीस बजावणीचे. पत्ता अपुरा असणे, कामगार हंगामी कामासाठी परगावी गेलेला असणे किंवा कार्यालयाने नोटीस आवकात घेऊनही संबंधित मेजापर्यंत न पोचविणे, यांमुळे पहिल्या काही तारखा केवळ हजेरीसाठी जातात.

दुसरे ठिकाण अभिलेखाचे. अपील प्राधिकरणास खालच्या प्राधिकरणाचे मूळ कागद लागतात. ते येईपर्यंत सुनावणी होत नाही. मुळात हजेरीपट, वेतनपत्रक वा नेमणुकीचा आदेश दाखल झालेलाच नसेल, तर प्रकरण फेरचौकशीसाठी परत पाठविले जाते आणि सारा प्रवास पहिल्यापासून सुरू होतो. विलंबाच्या सर्व प्रकारांत फेरचौकशीचा विलंब सर्वांत महाग होय.

तिसरे ठिकाण प्राथमिक हरकतींचे. अर्जदार हा कायद्याच्या व्याख्येत कामगार आहे काय, प्राधिकरणास अधिकार आहे काय, अशा हरकती आधी घेऊन केवळ त्यांवरच वरच्या न्यायालयापर्यंत जाण्याचा प्रघात पडला. दिल्लीतील एका कर्मचाऱ्याची सेवा 1969 मध्ये संपविण्यात आली होती. 1983 मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता तो फक्त प्राथमिक हरकतीचा. मूळ तक्रारीची चौकशी व्हावयाचीच होती. प्राथमिक मुद्दे वेगळे काढून प्रकरण रखडविण्यापेक्षा न्यायाधिकरणांनी सर्व मुद्द्यांचा निर्णय एकाच वेळी द्यावा, असे न्यायालयाने त्या वेळी निक्षून सांगितले. ज्याच्याजवळ अधिक काळ थांबण्याची ताकद आहे, त्यालाच अशा हरकतींचा लाभ होतो, याची जाणीव त्या निकालामागे होती.

चौथे ठिकाण तहकुबीचे आणि रिक्त पदांचे. म्हणणे तयार नाही, प्रतिनिधीस तडजोडीचा अधिकार नाही, वकील अन्यत्र गुंतलेले आहेत, अशा कारणांनी तारीख वाढते. पीठासीन अधिकाऱ्याचे पद रिकामे असेल, तर पक्षकार तयार असूनही काम पुढे सरकत नाही. हे शेवटचे कारण शासनाच्या अखत्यारीतील आहे. बाकीची पुष्कळशी कारणे पक्षकारांच्या, आणि विशेषतः मालक असलेल्या संस्थेच्या, हातातील आहेत.

प्रतीक्षेचा भार कोणावर

विलंब पूर्णपणे टळणार नाही, हे ओळखून कायद्याने त्याचा भार एकट्या कामगारावर पडू नये, अशी काही योजना केली आहे. 1972 च्या उपदान अधिनियमाखाली मालकास 60 दिवसांत, आणि पुरेसे कारण असल्यास आणखी 60 दिवसांत, अपील करता येत असे; पण उपदानाची रक्कम आधी जमा केल्यावाचून ते दाखल होत नसे. ही अट 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही कायम ठेवली आहे. औद्योगिक विवाद अधिनियमात कलम 17-ख घालण्यात आले आणि ते 21 ऑगस्ट 1984 पासून अमलात आले. कामगारास परत घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक उच्च अथवा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर कामगार अन्यत्र नोकरीत नसल्यास व त्याने तसे शपथपत्र दिल्यास, प्रकरण चालू असेतोपर्यंत त्यास शेवटच्या दराने पूर्ण वेतन द्यावे, असे त्यात सांगितले होते. औद्योगिक संबंध संहितेतही या स्वरूपाची तरतूद आहे.

व्याजाचा विचार पंचायत सदस्यांनी विशेष करावा. समजा, एखाद्या स्थानिक संस्थेचा कर्मचारी 20 वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाला आणि त्याचे शेवटचे मासिक वेतन 13,000 रुपये होते. उपदानाच्या हिशेबाप्रमाणे 13,000 रुपयांस 26 ने भागून 15 ने गुणले असता एका वर्षाच्या सेवेमागे 7,500 रुपये येतात. 20 वर्षांचे 1,50,000 रुपये झाले. 1972 च्या अधिनियमाखाली उशिरा दिलेल्या रकमेवर दरसाल दर शेकडा 10 प्रमाणे सरळ व्याजाचा दर ठरविण्यात आला होता. त्या दराने वर्षास 15,000 आणि चार वर्षांस 60,000 रुपये व्याज होते. वकिलाची फी व प्रवासखर्च निराळाच. हे सारे गावाच्या निधीतून जाते. त्यातून एखाद्या वस्तीतील नळाची वा दिव्याची सोय होऊ शकली असती.

मागील वेतनाबाबत उपरोक्त 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मांडलेला विचार या विषयाच्या मुळाशी जातो. निकालास लागलेल्या दीर्घ काळाबद्दल बहुतेक वेळा पक्षकार जबाबदार नसतात. सोयी व मनुष्यबळ यांची उणीव हे मुख्य कारण असते. तेव्हा केवळ बराच काळ लोटला एवढ्यावरून कर्मचाऱ्याचे मागील वेतन नाकारणे हा घोर अन्याय होईल, असे न्यायालयाने म्हटले.

अंगणवाडी सेविकांचे प्रकरण

पंचायतींना जवळचे वाटावे असे दुसरे उदाहरण शेजारच्या गुजरात राज्यातील दाहोद जिल्ह्याचे आहे. तेथील अंगणवाडी सेविका व मदतनीस यांनी निवृत्तीनंतर उपदानाची मागणी केली. नियंत्रक प्राधिकाऱ्याने ती मान्य केली व अपील प्राधिकाऱ्याने तो आदेश कायम केला. जिल्हा विकास अधिकाऱ्यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. एकल न्यायमूर्तींपुढे सेविकांच्या बाजूने निर्णय झाला, खंडपीठाने 2017 मध्ये तो फिरविला आणि अखेर 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांस 1972 चा अधिनियम लागू असल्याचा निर्वाळा देऊन 10 टक्के व्याजासह उपदान देण्याचे आदेश दिले. ज्या स्त्रियांनी आयुष्यभर अल्प मानधनावर काम केले, त्यांना निवृत्तीनंतर पाच पायऱ्या चढाव्या लागल्या.

यात कायद्याचा खरा प्रश्न होता आणि तो सुटणे आवश्यक होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु एकदा असा प्रश्न सर्वोच्च पातळीवर सुटला की त्याच मुद्द्यावर प्रत्येक जिल्ह्याने नवे अपील करण्याचे प्रयोजन उरत नाही. शिक्षकांबाबतही असेच घडले. शिक्षकांना उपदान अधिनियम लागू नाही, असा निकाल 2004 मध्ये झाल्यावर संसदेने 2009 मध्ये दुरुस्ती करून 3 एप्रिल 1997 पासून त्यांचा समावेश केला आणि ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये वैध ठरविली. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या स्थानिक संस्थांना तर केंद्र शासनाने 8 जानेवारी 1982 च्या अधिसूचनेनेच त्या अधिनियमाच्या कक्षेत आणले होते. हे निर्णय ज्ञात नसल्यामुळे होणारी अपिले ही निव्वळ माहितीच्या अभावाची किंमत होय.

गाव व तालुका पातळीवरील कर्तव्ये

विलंबाचे मूळ पुष्कळदा अपिलात नसून, तंटा उद्भवण्याच्या कितीतरी आधी, गावातील कपाटात असते. हजेरीपट दररोज भरणे, वेतन देताना सही वा अंगठा घेणे, नेमणुकीचा आदेश लेखी देणे, सेवापुस्तकात नोंदी वेळच्या वेळी करणे या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण त्यांच्या अभावी सेवेची वर्षे किती, यावरच दोन पिढ्यांचा वाद चालू शकतो. मालेगावप्रमाणे जेथे ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते, तेथे जुन्या दप्तराची यादी करून ते नव्या संस्थेकडे सुस्थितीत सोपविणे हे तर अत्यंत महत्त्वाचे काम आहे. उपदानासाठीचे नामनिर्देशनही प्रत्येक कर्मचाऱ्याकडून घेऊन ठेवावे. अर्जदाराचा मृत्यू झाल्यास वारस नोंदविण्यात प्रकरणे रखडतात. नामनिर्देशन असेल तर हा काळ वाचतो.

एखादा आदेश संस्थेविरुद्ध गेला असता अपिलाचा ठराव करण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. या प्रकरणात कायद्याचा न सुटलेला प्रश्न आहे काय? जमा करावयाची रक्कम, व्याज व खर्च मिळून होणारा भार आदेशातील रकमेच्या तुलनेत किती? तडजोडीचा प्रयत्न झाला आहे काय? या प्रश्नांची उत्तरे ठरावात नमूद केल्यास केवळ जबाबदारी टाळण्यासाठी होणारी अपिले आपोआप कमी होतील.

तडजोडीसाठी लोकअदालतीचा मार्ग विशेष उपयुक्त आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 हा 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. त्याखालील लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील नसते. याच अधिनियमाने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांस मोफत विधी सेवेस पात्र ठरविले आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज कसा करावा, हे ग्रामसभेत एकदा समजावून सांगितले, तरी अनेकांची पायपीट वाचेल.

अधिकाऱ्यांनी प्रलंबित प्रकरणांची नोंदवही दाखल क्रमांकाबरोबरच प्रकरणाच्या वयानुसारही ठेवावी. सर्वांत जुने प्रकरण डोळ्यांसमोर राहिले की त्याला तारीख मिळते. मूळ अभिलेखाची मागणी येताच तो पृष्ठांकन करून पाठवावा. सुनावणीस जाणाऱ्या प्रतिनिधीस पूर्ण माहिती आणि तडजोडीचा लेखी अधिकार द्यावा. आणि निर्णय देणाऱ्या प्राधिकाऱ्याने प्रत्येक मुद्द्यावर कारणे नमूद करून आदेश लिहावा. सकारण आदेश वरच्या पायरीवर टिकतो. त्रोटक आदेश फेरचौकशीसाठी परत येतो.

शिक्षकांचे साहाय्य वेगळ्या प्रकारचे आहे. गावात आलेली नोटीस वाचून तिचा अर्थ सांगणे, आदेश मिळाल्याची तारीख कागदावर लिहून ठेवण्यास सांगणे, प्रमाणित प्रतीसाठी लगेच अर्ज करावयास लावणे आणि पत्ता बदलल्यास तो कळविण्याची आठवण देणे, एवढ्यानेही एखाद्याचा हक्क मुदतीबाहेर जाण्यापासून वाचतो. अपिलाच्या मुदती दिवसांत मोजल्या जातात, हे ज्याला ठाऊक नसते तो त्या महिन्यांत मोजतो आणि दरवाजा बंद झाल्यावर पोचतो.

अपील हा न्यायाचा आवश्यक भाग आहे. खालच्या पायरीवरील चूक सुधारण्याचा तो मार्ग आहे आणि कामगारासही त्याची तितकीच गरज पडते. आक्षेप आहे तो अपिलाचा उपयोग काळ काढण्यासाठी करण्याला आणि दप्तराच्या हयगयीमुळे ते वर्षानुवर्षे पडून राहण्याला. न्यायालयांची संख्या, पदांची भरती, नव्या संहितांखालील यंत्रणा या गोष्टी शासनाने करावयाच्या आहेत व त्या झाल्याच पाहिजेत. परंतु मालेगावसारख्या तालुक्यातील एखाद्या लहान कार्यालयात आज नीट भरलेला हजेरीपट हाही उद्याच्या अपिलाचा निकाल लवकर लागण्याचे एक साधन आहे, आणि ते प्रत्येक संस्थेच्या हाती आजच आहे.